कोची बिएनाले कमी खर्चात : पैसे वाचवा, दिवस वाचवू नका

शाईची_दौत | ४ नोव्हेंबर २०२५

कोची-मुझिरिस बिएनालेची, म्हणजे केरळातल्या कोचीत साधारण दर दोन वर्षांनी भरणाऱ्या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनाची, सहावी आवृत्ती येत्या १२ डिसेंबरला सुरू होतेय आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत चालणार आहे. या आठवड्यात दोन मैत्रिणींनी एकच प्रश्न विचारला, "जायचंय गं, पण फार खर्च येतो का?" दोघींना तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते, म्हणजे आणखी कोणाला उपयोग झाला तर होईल.

मी दोनदा गेले आहे. पहिल्यांदा जानेवारी २०१९ मध्ये विमानानं, शनिवार-रविवार. साधारण साडेबारा हजार रुपये गेले, त्यातले पावणेआठ हजार नुसत्या विमानाचे. दुसऱ्यांदा फेब्रुवारी २०२३ मध्ये रेल्वेनं, मैत्रिणीबरोबर, चार दिवस आणि तीन रात्री. तेव्हाचा माझा खर्च असा: स्लीपरचं जाऊन-येऊन चौदाशे, होमस्टेची खोली रोजची अकराशे म्हणजे माझ्या वाट्याला तीन रात्रींचे साडेसोळाशे, गाडीतलं धरून खाणंपिणं पंधराशे, बोटी आणि रिक्षा अडीचशे, प्रदर्शनाचं तिकीट दीडशेप्रमाणे दोन दिवसांचे तीनशे. एकूण पाच हजार शंभर. आता दर थोडे चढले असतील, तरी माणशी साडेसहा-सात हजारांत बसायला हरकत नाही.

पण धागा काढायचं खरं कारण आकडे नाहीत. निम्म्याहून कमी पैशांत दुसऱ्यांदा मी कितीतरी जास्त पाहिलं, आणि ते स्वस्त जाण्यामुळेच घडलं.

पहिल्या वेळचं सांगते. ॲस्पिनवॉल हाउस या बिएनालेच्या मुख्य जागेत शिल्पा गुप्ता यांची एक कलाकृती होती. अंधारी खोली, छतावरून खाली सोडलेले शंभर माइक आणि प्रत्येकाखाली एक लोखंडी सळई. सळईच्या टोकाला कागद खोचलेला. आपल्या शब्दांपायी तुरुंगात गेलेल्या शंभर कवींच्या ओळी त्या कागदांवर होत्या, अगदी आठव्या शतकापासूनच्या. माइक बोलण्यासाठी असतो, इथे तोच ऐकवत होता. एका कोपऱ्यातून एक आवाज यायचा आणि मग बाकीचे माइक त्याच्यामागे म्हणायचे, जशी एकाने आरती उचलावी आणि सगळ्यांनी धरावी. मी तिथे चार मिनिटं उभी राहिले. मग घड्याळ पाहिलं, कारण पेप्पर हाउस आणि मट्टनचेरीची गोदामं ही प्रदर्शनाची बाकीची ठिकाणं राहिली होती आणि रात्रीचं विमान होतं. एकही कागद नीट वाचला नाही. ती चार मिनिटं मला आजही टोचतात.

दुसऱ्यांदा आम्ही ठरवलं, दिवसाला दोनच ठिकाणं. टीकेएम वेअरहाउसमध्ये जितिश कल्लाट यांनी मांडलेलं 'टँगल्ड हायरार्की' नावाचं प्रदर्शन होतं. त्याचा गाभा काय, तर गांधीजींचे पाच लिफाफे. २ जून १९४७ ला माउंटबॅटन यांच्यापुढे फाळणीचा विषय होता आणि तो सोमवार होता, गांधीजींचा मौनाचा दिवस. म्हणून त्यांनी आपलं म्हणणं वापरलेल्या लिफाफ्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं. आज बोलू शकत नाही म्हणून दिलगिरीही त्यातच. दुसऱ्या दिवशी, ३ जूनला, फाळणीची योजना जाहीर झाली. मी तिथे तासभर होते. आधी अक्षर बघितलं, मग अक्षरांमधलं अंतर, मग बाजूच्या कलाकृती, मग परत लिफाफ्यांपाशी. कुठे पोचायचं नव्हतं. तिसऱ्या रात्रीचे साडेपाचशे रुपये मी या तासासाठी दिले असं मी समजते, आणि ते मला फार स्वस्त वाटतात.

तेव्हा काटछाट करायची तर प्रवासात करा, खोलीत करा, खरेदीत करा. दिवस कापू नका. प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगेन.


पाऊलखुणा | ४ नोव्हेंबर

फार छान धागा. आम्ही चौघं, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. ठाण्याहून निघू. जानेवारीत जायचा विचार आहे. दोन शंका: रेल्वेचं आरक्षण मिळतं का, कारण गोव्याच्या गर्दीमुळे त्या मार्गावर नेहमी वेटिंग दिसतं. आणि मुलं कंटाळतील का?


रूळ_आणि_खडी | ५ नोव्हेंबर

रेल्वेचं मी सांगतो.

मुंबईकडून रोजच्या दोन गाड्या सोयीच्या. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी नेत्रावती, ठाणे-पनवेलमार्गे. दुसरी मंगला लक्षद्वीप, ती निजामुद्दीनहून येते, कल्याण-पनवेल करत कोकण रेल्वेनं थेट एर्णाकुळमला, म्हणजे कोचीच्याच स्टेशनात, संपते. दोन्हींना साधारण एक दिवस-रात्र लागते. पुण्याहून थेट गाड्या आहेत, पण रोज नाहीत. विदर्भातल्या लोकांना नागपूर-बल्लारशाहवरून केरळ एक्सप्रेस आहे, ती एर्णाकुळम टाउनला थांबते.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे, पूर्वी १२० दिवस होते. पाऊलखुणा, तुम्हाला समजा १७ जानेवारीच्या शनिवारी नेत्रावती धरायची आहे, तर १८ नोव्हेंबरला सकाळी आठला बसा. दहा वाजता बसलात तर वेटिंगच दिसेल. परतीची तारीख चार-पाच दिवसांनी उघडेल, ती विसरू नका. बरेच जण जाण्याचं काढून निर्धास्त होतात आणि येताना तत्काळचे जादा पैसे भरतात. तिथेच बजेट कोसळतं.

मुलांचं: पाच पूर्ण ते बाराच्या आत, बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं. रात्रभराच्या प्रवासात दोन मुलांना मिळून एक बर्थ घेतला तर चालून जातं, आम्ही तसं केलं आहे. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण लोअर बर्थचा कोटा आहे. पुरुषांना साठ, बायकांना पंचेचाळीस पूर्ण हवीत.

शक्य असेल तर खिडकी दिवसाउजेडी कोकणात येईल अशी गाडी निवडा. पैसे तेवढेच.


शाईची_दौत | ५ नोव्हेंबर

रूळ_आणि_खडी, मनापासून आभार. हे सगळं मला एवढं नेमकं सांगता आलं नसतं.

पाऊलखुणा, मुलं कंटाळतील तर ती लेबलं वाचायला लावल्यामुळे. बिएनालेचा 'आर्ट बाय चिल्ड्रन' म्हणून मुलांसाठीचा उपक्रम असतो, तिथे काही करायला मिळतं. आणि ॲस्पिनवॉल हे काही गुळगुळीत, शांत, हात मागे बांधून फिरायचं संग्रहालय नव्हे. एकोणिसाव्या शतकात जॉन ॲस्पिनवॉल या इंग्रज व्यापाऱ्यानं सुरू केलेल्या कंपनीची ती वखार. खोबरेल, मिरी, काथ्या असा माल तिथून जायचा. समोर खाडी आहे, मोठमोठी जहाजं अगदी जवळून सरकतात. माझ्याबरोबर फिरणारा एक मुलगा दर खोलीनंतर बाहेर येऊन जहाज बघून जायचा. आईवडिलांनी त्याला जाऊ दिलं, हे बरं केलं.


दगडफूल | ५ नोव्हेंबर

एक प्रामाणिक प्रश्न. कुणाचा उपमर्द करायचा नाही. मी मुंबईत अशी दोन-तीन प्रदर्शनं पाहिली. एका खोलीत वायरी लोंबत होत्या, दुसरीत माती पसरली होती. भिंतीवरचा मजकूर वाचला तर आणखी गोंधळ. चित्र असतं तर निदान रंग आवडले-नाही आवडले एवढं तरी ठरवता येतं. सात हजार रुपये माझ्यासाठी लहान रक्कम नाही. समजणारच नसेल तर का जावं?


ओंजळ | ५ नोव्हेंबर

दगडफूल, तुमचा प्रश्न मला पूर्ण पटतो, कारण २०१७ च्या जानेवारीत मी आईला घेऊन गेले तेव्हा तीही हेच म्हणत होती. तिचं शिक्षण सातवीपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा प्रदर्शन पाहत होती.

ॲस्पिनवॉलच्या एका लांबलचक गोदामात चिलीचे कवी राऊल सुरिता यांची 'सी ऑफ पेन' ही कलाकृती होती. दारात चपला काढायच्या आणि आत पाण्यात उतरायचं. समुद्राचं पाणी, पोटऱ्या बुडतील इतकं, गोदामभर. आईनं साडी वर खोचली, माझा दंड धरला. दोन्ही भिंतींवर मोठ्या अक्षरांत छोटी छोटी वाक्यं होती, सगळे प्रश्न. 'ऐकत नाहीस का?' 'बघत नाहीस का?' अशा धर्तीचे. मी तिला एकेक मराठीत सांगत होते. तळ दिसत नव्हता, पाय जपून टाकावा लागत होता, त्यामुळे आपोआप सगळे हळू चालत होते. पलीकडच्या टोकाला शेवटची कविता. गालिप कुर्दी या मुलासाठी. २०१५ साली भूमध्य समुद्रात बुडालेल्या, किनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या त्या लहानग्या ॲलन कुर्दीचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला होता. गालिप हा त्याचा भाऊ. तोही बुडाला, पण त्याचा फोटो कुणी पाहिला नाही. कवी म्हणतो, मी त्याचा बाप नाही, पण तो माझा मुलगा आहे.

मी हे आईला सांगितलं. ती बराच वेळ पाण्यात उभी राहिली. मग म्हणाली, "आणि आईचं काय झालं त्यांच्या?" मी म्हटलं, तीही गेली. ती काही बोलली नाही. परत येताना तिनं माझा दंड सोडला होता, एकटी चालत आली.

तिला 'कंटेम्पररी आर्ट' म्हणजे काय हे आजही सांगता येणार नाही. पण पूर आला, बोट उलटली अशी बातमी आली की ती अजून त्या गोदामाचं नाव काढते.


शाईची_दौत | ५ नोव्हेंबर

ओंजळ, वाचून थांबले. मला हे पाहायला मिळालं नाही याची चुटपुट होती, तुम्ही दाखवलंत.

दगडफूल, त्यात एक व्यवहाराची भर. बिएनालेत 'आर्ट मीडिएटर' म्हणून तरुण मुलंमुली नेमलेली असतात. समजावून सांगणं हेच त्यांचं काम. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. लोक त्यांना सुरक्षारक्षक समजून पुढे जातात. सरळ जाऊन विचारा, "हे तुम्हाला काय वाटतं?" पाठ केलेलं बोलायला लागले तर पुन्हा तेच विचारा, मग मोकळं बोलतात. भिंतीवरचा मजकूर मी आता सगळ्यात शेवटी वाचते, तो खरंच जड असतो. आणि दहातल्या सहा गोष्टी मलाही भिडत नाहीत. त्या सोडून द्यायच्या.


कोरा_कॅनव्हास | ६ नोव्हेंबर

मी चित्रकलेची विद्यार्थिनी आहे, चंद्रपूरकडची. आमच्या वर्गातल्या कोणीही बिएनाले पाहिलेलं नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते २०१४ च्या आवृत्तीत होते. त्यांच्या घरच्या पिढ्या कोळशाच्या खाणीत राबल्या आणि ते कोळशानंच भिंतीवर चित्रं काढत आले. आम्ही हे सगळं मोबाइलच्या पडद्यावर बघतो. भिंतभर काढलेलं कोळशाचं चित्र बोटभर दिसतं. प्रत्यक्षात त्याच्यासमोर उभं राहिल्यावर अंगावर येतं का, हे मला कळून घ्यायचं आहे.

आणि एक अभिमानाची गोष्ट. हे बिएनाले १२-१२-२०१२ ला सुरू करणाऱ्या दोघांतले बोस कृष्णमाचारी, दुसऱ्या आवृत्तीचे क्युरेटर (कलाकृती निवडून प्रदर्शन मांडणारे) जितिश कल्लाट, तिसऱ्याचे सुदर्शन शेट्टी, तिघंही मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. यंदाचे निखिल चोप्रा आणि त्यांचा एचएच आर्ट स्पेसेस हा गट गोव्यातला. म्हणजे हे सगळं आपल्यापासून तसं दूर नाही. पैशांमुळे दूर आहे.

माझ्याकडे चार हजार आहेत. जमेल का?


शाईची_दौत | ६ नोव्हेंबर

जमेल. ओळखपत्र बरोबर ठेवा, विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत मिळत आली आहे. आणि 'स्टुडंट्स बिएनाले' चुकवू नका. देशभरातल्या कला महाविद्यालयांतल्या मुलांचं काम तिथे असतं, मट्टनचेरीच्या जुन्या गोदामांतून. २०२३ ला आम्हाला तिथे कोणी तिकीट मागितलं नाही. मला त्यातलं काही काम मुख्य प्रदर्शनापेक्षा जास्त आवडलं. हात थोडा कच्चा असतो, पण बोलायचं असतं ते खरंच बोलायचं असतं.

२०१९ ला मी कोलकात्याच्या बापी दास यांचं काम पाहिलं होतं. एकेकाळी रिक्षा चालवणारा माणूस. भरतकाम करून त्यांनी रस्ते, गाड्या, आरशात दिसणारी रहदारी काढली होती. इतके बारीक टाके की आधी छापील वाटलं. नाक लावून बघितलं तेव्हा धागा दिसला. हे पडद्यावर कधीच कळलं नसतं, त्यामुळे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

चार हजारांत मोठा खर्च राहण्याचा. त्यावर कोचीत राहणाऱ्या कुणी सांगितलं तर बरं होईल.


खाडीपल्याड | ६ नोव्हेंबर

मी अकरा वर्षं एर्णाकुळममध्ये आहे, मूळ मिरजेचा. माझ्याकडे दर बिएनालेला पाहुणे असतात, त्यामुळे हे पाठ झालंय.

राहणं: फोर्ट कोचीत, म्हणजे खाडीपलीकडच्या जुन्या भागात जिथे बिएनाले भरतं, राहिलात तर चालत सगळं होतं, पण डिसेंबरअखेर ते जानेवारीचा पहिला आठवडा तिथले दर दुपटीला जातात. १० जानेवारीनंतर उतरतात. एर्णाकुळम जंक्शन स्टेशनच्या आसपास साधे लॉज नेहमीच स्वस्त. तिथून बोट जेट्टी रिक्षानं जवळ आहे.

खाडी ओलांडणं: सरकारी जलवाहतुकीची बोट मुख्य जेट्टीवरून फोर्ट कोचीला जाते, तिकीट सहा रुपये. वॉटर मेट्रो हायकोर्टाच्या धक्क्यावरून, चाळीस रुपये, वातानुकूलित. फोर्ट कोचीपर्यंत ती एप्रिल २०२४ पासून सुरू झाली. एकदा हौस म्हणून वॉटर मेट्रोनं जा, एरवी साधी बोट. जुन्या बोटीत लाकडी कडेला बसून वारा लागतो, उजवीकडे बंदर दिसतं. पुलावरून टॅक्सीनं गेलात तर तीनशेच्या वर जातील आणि वाहतुकीत तास जाईल.

फिरणं: ॲस्पिनवॉलपासून कल्वती रोडनं पेप्पर हाउस, तसंच पुढे बाजार रोडनं मट्टनचेरीची गोदामं. हा सगळा रस्ता पायी करा. बाजार रोडवर अजून सुंठ-मिरीचा धंदा चालतो, पोत्यांचा वास प्रदर्शनाच्या आतपर्यंत येतो. अगदी कमी पैशांत सगळं फिरवतो म्हणून कोणी रिक्षावाला मागे लागला, तर समजा की मधे दोन-तीन भेटवस्तूंच्या दुकानांत नेणार. त्यात तास-दीड तास जातो. नम्रपणे नको म्हणा.

यंदा विलिंग्डन बेटावरच्या गोदामातही प्रदर्शन आहे. ते वेगळ्या दिवशी ठेवा, फोर्ट कोचीच्या दिवसात कोंबू नका.

जेवण: दुपारी केळीच्या पानावरचं 'मील्स' घ्या. जाड तांबूस भात, सांबार, तोरण (खोबरं घातलेली कोरडी भाजी), पापड, भात हवा तेवढा. पर्यटकांच्या कॅफेपेक्षा मागच्या गल्लीत निम्म्या पैशांत पोट भरतं. सकाळी पुट्टू (तांदळाच्या पिठाचा वाफवलेला प्रकार) आणि काळ्या चण्यांची कडला करी खाल्लीत तर दोनपर्यंत भूक लागत नाही.

मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, ज्यूंचं सिनेगॉग शनिवारी बंद. राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं नाममात्र तिकिटात बघायला मिळतात. बिएनाले बघून आल्यावर ती बघा, डोळा वेगळाच तयार झालेला असतो.


मधुमालती | ७ नोव्हेंबर

मी निवृत्त शिक्षिका, वय ६९, दोन्ही गुडघे दुखरे. २०२३ ला जाऊन आले. ज्येष्ठांसाठी चार शब्द लिहिते.

इमारती जुन्या, लाकडी जिने उभे, काही ठिकाणी कठडा एकाच बाजूला. वरच्या मजल्यावर चढायच्या आधी खाली विचारावं, वर काय आहे आणि किती आहे. व्हिडिओच्या खोल्यांत बाकं असतात आणि अंधार, गारवा असतो. मी उन्हाचा वेळ, बारा ते तीन, मुद्दाम व्हिडिओंसाठी राखला होता. फिती लांब असतात, पण बसून बघायच्या असल्यामुळे पायांना विश्रांती मिळते आणि बघणंही होतं. फेब्रुवारीतच तिथे घामानं भिजायला होतं, मार्चचा विचार आमच्या वयाच्या माणसांनी करू नये. पाण्याची बाटली, सुती कपडे, आणि सहज काढता-घालता येतील अशा चपला.

सकाळी दहाला उघडतं तेव्हा पोचावं. पहिल्या तासात गर्दी नसते. शनिवार-रविवार टाळावा.

दिवसाला दोन ठिकाणं हा शाईची_दौत यांचा हिशोब योग्य आहे. मी तर एकच करत होते. दुसऱ्या दिवशी परत त्याच खोलीत गेले तेव्हा काल न दिसलेलं दिसलं. वर्गात एकच कविता दुसऱ्यांदा शिकवताना तसं व्हायचं.


भरदुपार | ७ नोव्हेंबर

सगळ्यांचं वाचलं. पण 'दिवस वाचवू नका' हे मला जरा खटकलं, म्हणून लिहिते. मी खासगी नोकरीत आहे. रजा मागितली की पगार कापला जातो. माझ्यासाठी एक दिवस म्हणजे बाराशे रुपये. चार दिवस आणि प्रवासाचे दोन, म्हणजे सात हजारांच्या ट्रिपवर आणखी सात हजार. रेल्वे स्वस्त असते ती पगारी रजा असणाऱ्यांना. हा हिशोब कुणीच मांडला नाही.


शाईची_दौत | ७ नोव्हेंबर

भरदुपार, तुमचं अगदी बरोबर आहे. मी शाळेत आहे, मला रजेचा भाव कळत नाही, म्हणून तो हिशोबात आला नाही. लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. २६ जानेवारी सोमवारी आहे, तेव्हा शनिवार ते सोमवार सुट्टी. शुक्रवारी दुपारची एक रजा, मंगळवारची एक. मात्र त्या दिवशी गर्दी असणार हे धरून चाला. आणि तरीही एकाच भागात राहा. फक्त फोर्ट कोची, किंवा फक्त मट्टनचेरी. सगळं बिएनाले पाहून होतच नाही, कुणाचंच होत नाही. दिवस कमी असतील तर ठिकाणं कमी करा, खोलीतली मिनिटं कमी करू नका. धाग्याचं नाव आता बदलता येत नाही, नाहीतर हेच नाव ठेवलं असतं.


समोरासमोर | ७ नोव्हेंबर

भरदुपार आणि कोरा_कॅनव्हास यांच्यासाठी आणखी काही, तुमचं गाव धरून ठरवा.

डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो, २०१६ पासून. प्रवेश मोफत, आधी नावनोंदणी करायची. मांडवीकाठच्या जुन्या इमारतींत प्रदर्शनं, संध्याकाळी संगीत-नाटक. मुंबई-पुण्याहून रात्रीच्या गाडीनं जाऊन शनिवार-रविवारात होतो.

मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे आणि आत जायला एक पैसा लागत नाही. समोर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, तिकीट वीस रुपये. कुलाबा-काळा घोडा भागातल्या खासगी गॅलऱ्यांत शिरायला लोक घाबरतात, काचेचं दार आणि आत शांतता असते म्हणून. पण त्याही फुकट असतात. बेल दाबायची आणि आत जायचं. कोणी काही विकत घ्यायला सांगत नाही. मी नऊ वर्षं जातो आहे, ऑफिसच्या कपड्यांत, पाठीला डब्याची पिशवी.


दगडफूल | ८ नोव्हेंबर

ओंजळ यांचा प्रतिसाद मी काल घरी वाचून दाखवला. बायको म्हणाली, कोची नंतर बघू, आधी पुढच्या रविवारी मुंबईला जाऊ. समोरासमोर, त्या बेलचं तुम्ही सांगितलंत हे फार बरं झालं. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरलो आहे. बंदच असेल असं वाटलं होतं.


पाऊलखुणा | ८ नोव्हेंबर

१८ तारखेचा सकाळी आठचा गजर लावला. खाडीपल्याड यांच्या सल्ल्यानं एर्णाकुळमला राहणार, तीन रात्री. मुलांना जहाजं बघू द्यायची हे लक्षात ठेवते. मुलीनं विचारलं, "तिथे हात लावला तर चालतं?" काय सांगू?


शाईची_दौत | ८ नोव्हेंबर

तिला सांगा, दर खोलीत तिनंच जाऊन विचारायचं. काही ठिकाणी हो म्हणतात. मधुमालतीताईंसारखी दुपार व्हिडिओसाठी ठेवा, मुलगा तिथे झोपला तरी चालेल.


भरदुपार | ८ नोव्हेंबर

२३ ते २७ जानेवारी ठरवतेय, फक्त मट्टनचेरी आणि स्टुडंट्स बिएनाले. खोली एकटीला परवडत नाही, दोघींत परवडेल. कोरा_कॅनव्हास, तुमच्या तारखा ठरल्या का? मी घोरत नाही आणि सकाळी सहाला उठते.


कोरा_कॅनव्हास | ८ नोव्हेंबर

ताई, मीही सहालाच उठते. बल्लारशाहहून केरळ एक्सप्रेसनं येईन, एर्णाकुळम टाउनला उतरेन. आईशी बोलायचं असेल तर तिचा नंबर देते. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.